हात न लावता

फ्लॉपीचा डबा आत विसरला म्हणून मी परत फिरले. मी आत्ताच सोडलेल्या कीबोर्डपाशी काकू उभ्या होत्या. हातात औषधाची जुनी बाटली, तिच्यात गोमूत्र. बोटांनी शिंपडत होत्या. कीबोर्डवर, माउसवर, खुर्चीच्या पाठीवर. ओठ पुटपुटत होते.

मी दारात. त्यांनी बघितलं. दचकल्या नाहीत, लपवलंही नाही. म्हणाल्या, "थांब गं बाहेर. वाळू दे."

आणि मी थांबले.

त्यांनी शिंपडलं ते शिंपडलं, पण मी का थांबले? भिंतीला पाठ लावून, ओढणीचं टोक पिळत, वाळेपर्यंत उभी. मग काकूंनीच डबा आणला आणि उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवला. मी वाकून उचलला आणि "थँक्यू काकू" म्हणाले. थँक्यू! जीभ कशी झडली नाही माझी.

सांगलीतली हळदीची पेढी ती. पुढं दुकान, मागं मालकांचं राहतं घर. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे, आणि काकू म्हणजे त्यांची बायको. नव्वदीचं दशक सरत आलेलं, पेठेत नुकते कॉम्प्युटर यायला लागलेले. दुकानात हळदीची पूड एवढी उडायची की संध्याकाळी नाकातून पिवळं निघायचं. म्हणून मुख्य मशीन मागच्या एसीच्या खोलीत ठेवलं होतं. देव्हाराही त्याच खोलीत. पुढच्या दुकानात तीन मशीन, केबलनं मागच्याला जोडलेली. बिलं पुढं व्हायची. पण दिवसाचा हिशेब बंद करणं, बॅकअप घेणं, काही अडकलं तर सोडवणं, यासाठी मागं जावं लागायचं. ते काम माझं. डिप्लोमा माझ्याकडे होता.

आम्ही शिराळ्याकडचे. बाप गेल्यावर आई मला घेऊन सांगलीला आली, हळद निवडायच्या कामाला. आईच्या हातनं निवडलेली हळद देवाला चालायची. माझा हात लागलेला कीबोर्ड मात्र चालत नव्हता. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी पहिली मीच, याचा लय तोरा होता मला. सगळा उतरला.

त्याआधी दोन कीबोर्ड बिघडले होते. बटणं चिकटायची. मी खोलून ब्रशनं साफ करायची. वास यायचा. मला वाटायचं, ओल धरलीय. बोटांनी पुसायची मी ते. माझ्याच विटाळावरचं औषध माझ्याच बोटांनी पुसत होते, आणि कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बोलावलं. अण्णा वाईट माणूस नव्हे. कधी आवाज चढवला नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "अगं, ह्यांचं जुन्या वळणाचं आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. पण कीबोर्ड किती आणायचे? आतलं मशीन बाहेर बसूनच चालवता येईल, असं काही निघालंय का?"

निघालं होतं. इन्स्टिट्यूटच्या सरांनी एकदा दाखवलं होतं. एक प्रोग्राम इकडं घालायचा, एक तिकडं. मग इथल्या पडद्यावर तिथला पडदा दिसतो. इथं माउस हलवला की तिथला बाण हलतो. मी उत्साहानं म्हणाले, "होतं की अण्णा! मी बसवते." मला सुटल्यासारखं वाटलं. आता आत जायला नको, ती बाटली बघायला नको. अण्णांनी माझ्यासाठी मार्ग काढला, असं वाटलं. त्यांचे उपकार वाटले मला!

सरांकडनं फ्लॉप्या आणल्या. दुकान बंद असतानाही बसून खटपट केली. आतल्या मशीनवर प्रोग्राम घालायला शेवटचं एकदा आत जावं लागलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "एकदाचं उरकून घे बाई." उरकलं. मी बाहेर आले आणि खोली धुतली गेली.

मग पुढं, पोत्यांच्या थप्पीशेजारी, माझ्या टेबलावर बसून पासवर्ड टाकला. पडदा हळूहळू वरनं खाली रंगत आला. आतला पडदा, जसाच्या तसा. मी बाण हलवला. आतून काकू ओरडल्या, "अगंबाई, हे आपोआप कसं हलतंय!" सगळी पेढी हसली. अण्णांनी टाळी वाजवली. "वा! बघा, हात न लावता सगळं काम!"

मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

आता आत फक्त फ्लॉपी घालायला माणूस लागायचं. ते काम सुनंदाकडं गेलं. ती दुकानात बिलं करायची. मॅट्रिक झालेली, मराठ्याची पोरगी. मी इथनं सांगायची, ती आत जाऊन घालायची. महिन्यातले चार दिवस तीही आत जायची नाही, तेव्हा काकू स्वतः घालायच्या. सुनंदा एकदा सहज म्हणाली, "तुझं बरंय गं, तुला कधीच जायला लागत नाही." तिला चार दिवस मनाई. मला तीसच्या तीस. ती टोमणा मारत नव्हती, हेच जास्त लागलं.

तरी घरी मात्र फुशारकी. आईला सगळं समजावून सांगितलं, भिंतीपल्याडचं मशीन मी कसं चालवते ते. आई भाकरी थापत होती.

"म्हंजी तुला आत जायाला नगं?"

"नाही. बाहेरनंच सगळं."

"बरं झालं की. आमालाबी गावात पानी वरनंच ओतायची. तांब्या त्यांचा, वंजळ आमची. कुटं शिवायचा सवाल न्हाई, भांडान न्हाई."

आईनं टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच बरं वाटलं होतं, पोरीचा त्रास वाचला म्हणून. आणि मी तिच्या अंगावर ओरडले, "तुला काय कळतंय त्यातलं!"

"व्हय बाई, मला काय कळतंय," आई म्हणाली आणि तवा उतरवला. मी त्या रात्री तिच्याकडं बघू शकले नाही. तिची निदान ओंजळ होती. मी तर तांब्या, पाणी, अंतर सगळं माझ्या हातानं बांधून दिलं होतं, आणि वर हसले होते.

तरी नोकरी सोडली नाही. रोज जात राहिले. घरात चूल पेटायची ती माझ्यावर आणि आईवर.

मग अण्णांनी साताऱ्याचं काम काढलं. "माझ्या साडूंची खतांची एजन्सी आहे. त्यांच्याकडं हीच अडचण. त्यांचा ऑपरेटर हुशार आहे, पण घरातली ऐकत नाहीत. तुझं ते तिथंही बसवून दे."

तुझं ते.

नाही म्हणायचं होतं. "बरं अण्णा" म्हणाले. फ्लॉप्या पिशवीत घातल्या, एसटी पकडली.

साताऱ्याचा तो ऑपरेटर पन्नाशीकडं झुकलेला. फौजेत कारकुनी करून आलेला, कडक इस्त्रीची पँट. मला बघून उठून उभा राहिला. आजूबाजूला कोणी नाही बघून हळू आवाजात "जयभीम, ताई" म्हणाला. चहा मागवला. चेहरा नुसता फुललेला.

"मालक म्हनले, तुला मोठं टेबल देतो, हितनंच समदं चालवायचं. प्रमोशनच म्हना की! लय भारी काम हाय म्हनं तुमचं."

"दादा, आत का जायचं नाही, ते सांगितलं का?"

"एसीची खोली हाय. धूळ जाती म्हनले."

फ्लॉप्या माझ्या हातात होत्या. मशीन चालू होतं. तासाभराचं काम. गप बसवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं. माझ्या डोळ्यांपुढं माझंच ते हसणारं तोंड आलं, पोत्यांशेजारचं. मला माझी किळस आली.

मी त्याला सांगितलं. बाटलीपासून सगळं. वाळेपर्यंत थांबले तेही.

तो ऐकत राहिला. फुललेला चेहरा माझ्यासमोर उतरला. चहा तसाच. मग म्हणाला, "ताई, तुमी बसवा. मला काय म्हाईत न्हाई असं समजा. घरी पोरं हायती."

"मी नाही बसवणार, दादा."

"तुमी न्हाई तर दुसरा कोन येईल."

"येऊ दे. माझ्या हातनं नाही."

त्याचा आवाज चढला. "मग मला सांगितलंत कशापायी? सुखात हुतो की मी!"

मी फ्लॉप्या परत पिशवीत घातल्या. मला एवढंच माहीत आहे, की तो न कळता हसत राहिला असता, तर त्याच्या त्या हसण्याची मी धनी झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीवर गेले ती थेट मागच्या खोलीत. खुर्ची ओढली, बसले. काकू "अगं, अगं" करत धावल्या. अण्णा आले.

"बाहेरून होतंय ना सगळं? मग आत कशाला?"

"ते मी काढून टाकतेय, अण्णा. इथं बसून काम सांगा, करते. बाहेरून करणार नाही."

"एवढं काय झालं? तुझ्या सोयीसाठीच केलं होतं."

"माझी सोय नव्हती ती."

प्रोग्राम काढला. दोन्हीकडचा. अण्णा ते होईपर्यंत बघत उभे राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

गेले नाही. आई त्या दिवशी जेवली नाही.

पुढं मी याच धंद्यात राहिले. दुसऱ्या गावातली मशीन घरात बसून चालवणं आता रोजचंच, मीही चालवते. त्याला माझी ना नाही. लाज अजून गेलेली नाही. जाऊही नये. काकूंनी शिंपडलं याची लाज काकूंची. मी हसले, ही माझी, आणि ती मी कोणाला वाटून देणार नाही.

नवीन गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा त्याच्या ऑफिसात जाते. मुख्य मशीन कुठं आहे विचारते. त्या खोलीत शिरते, तिथल्या खुर्चीवर बसते, चहा तिथंच मागते. कोणी "बाहेर बसू या का?" म्हणालं, की पिशवी उचलते. काम कितीही मोठं असो. मला जिथं आत बसू देत नाहीत, तिथली एकही केबल मी ओढत नाही, आणि ओढणारही नाही.