कागदावरची धाकटी बहीण

मी वच्छला. धानोरा तालुक्यातल्या कोसंबीटोल्यात अंगणवाडी चालवते. पोरांची खिचडी, गरोदर बायांचं वजन, लसीकरण ही माझी रोजची कामं. त्यांच्या जोडीला गेली चौदा वर्षं गावच्या मतदार यादीचं कामही माझ्याकडे आहे. गावात कोण अठराचं झालं, कोण लग्न होऊन आलं, कोण कामासाठी बाहेर गेलं, कोण वारलं, याची खबर ठेवायची आणि त्याप्रमाणे फॉर्म भरून वर पाठवायचे. नवं नाव घालायचं तर नमुना सहा, दुरुस्तीला आठ, मेलेल्या माणसाचं नाव काढायला सात. मंगलीबाईच्या अडचणीत यातला एकही फॉर्म कामी आला नाही, म्हणून तिची गोष्ट सांगावीशी वाटते.

मंगलीबाई आणि पत्रू ही सख्खी भावंडं. नवरा वारल्यावर पोटी लेकरू नाही म्हणून मंगलीबाई भावाच्या घरी परत आली. त्याला आता चोवीस-पंचवीस वर्षं झाली. घरात पत्रूचा मुलगा बुधू आणि सून रुखमा. दोघं म्हातारे दिवसभर पडवीत शेजारी शेजारी बसत. ती मोहफुलं निवडायची, तो तेंदूच्या पानांचे पुडे बांधायला सुंभ वळायचा. त्याचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसऱ्याला नुसता उजेड कळायचा. पण हात सरावाचे होते.

दर निवडणुकीला ही दोघं मिळून मत द्यायला जात. बूथ नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत, पाच किलोमीटरवर. मंगलीबाई पुढं, तिच्या काठीचं मागचं टोक धरून पत्रू मागं. मागच्या वेळी सकाळी निघाले ते दुपारी पोचले होते. तेव्हाच पत्रू म्हणाला होता, "वच्छला, आता हे शेवटचं. पाय नाई उचलत."

म्हणून पंच्याऐंशीच्या वरच्या माणसाला घरबसल्या मत देता येतं हे प्रशिक्षणात कळलं, तेव्हा मला पहिली हीच दोघं आठवली. निवडणुकीची अधिसूचना निघाली की पाच दिवसांच्या आत नमुना बारा-ड भरून द्यायचा, मग टपाली मतपत्रिका घेऊन पथक दारी येतं. मी घरी येऊन यादी उघडली. पत्रूचं वय शहाऐंशी. मंगलीचं एकोणऐंशी.

मी दोनदा वाचलं. मग तशीच उठून त्यांच्या घरी गेले.

"आजी, तुमचं वय किती?"

"मले काय माहीत? पन त्याच्याहून मोठी हावो. तो झाला तवा त्याची नाळ पुराले खड्डा मीच खंदला. बकऱ्या राखत होती मी तवा."

"मग यादीत सात वर्षांनी लहान कशा लागल्या?"

ती हसायला लागली. फोटोचं ओळखपत्र पहिल्यांदा आलं, त्या साली नाव लिहायला माणूस तिच्या सासरच्या गावी आला होता. ही नुकतीच जंगलातून लाकडाची मोळी घेऊन आलेली. वय विचारलं तर तिला सांगता येईना. नवरा म्हणाला, अजून मोळी वाहते, लिहा पन्नास. त्यानं पन्नास लिहिलं. पुढं त्याच कार्डावरून आधार निघालं, आधारवरून पगाराचं पासबुक. निराधार पेन्शनला आमच्याकडे पगार म्हणतात. सगळीकडे एकच तारीख, एक जानेवारी.

पत्रूचं वय पक्कं होतं, कारण तो दोन वर्षं शाळेत गेला होता. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात त्याचं नाव आणि जन्मसाल शाईनं लिहिलेलं आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं. त्या शाळेत त्याला रोज मंगलीबाई नेऊन सोडायची. पावसाळ्यात नाल्यातून खांद्यावर घेऊन. गुरुजींनी तिलाही बस म्हटलं होतं, पण बकऱ्या कोण राखणार म्हणून बापानं नको म्हटलं. तिचं नाव कुठल्या रजिस्टरात गेलंच नाही.

निवडणुकीला तेव्हा चार-पाच महिने होते, यादी दुरुस्तीचा हंगाम चालू होता. मी तिचा नमुना आठ भरला, पुराव्याला पत्रूच्या शाळेचा उतारा जोडला आणि खाली लिहिलं की अर्जदार ही सदर व्यक्तीची मोठी बहीण असून गावकरी तशी साक्ष देतील. गावच्या सात माणसांच्या सह्या घेतल्या. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. भावाचा दाखला हा बहिणीच्या वयाचा पुरावा होत नाही, असा शेरा होता. मी तहसीलला जाऊन भेटले. तिथले बाबू चांगले होते, त्यांनी मला चहाही दिला. म्हणाले, "मॅडम, मला पटते. पण तिच्या नावाचा एक तरी कागद आणा."

असा कागद नव्हता. मी मंगलीबाईला तसं सांगितलं. तिनं वाळवून ठेवलेल्या मोहफुलातला काडीकचरा वेचता वेचता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे वो. मी जाईन चालत. त्याचं करून टाक."

मार्चमध्ये अधिसूचना निघाली त्याच दिवशी मी पत्रूचा बारा-ड भरून घेतला. त्याला समजावून सांगितलं की एकदा घरचं मत मागितलं की यादीत तुमच्या नावापुढं तशी खूण होते, मग बूथवर जाऊन मत देता येत नाही. पथक दोनदा येईल, दोन्ही वेळा चुकामूक झाली तर मत गेलं.

"मी कुठी जातो?" पत्रू म्हणाला. "इथीच बसून राह्यलो."

पथक आलं ते एप्रिलमध्ये, मोहफुलांच्या ऐन दिवसांत. सकाळची वेचणी करून बाया घरी परतल्या होत्या, सगळ्या गावाला गोडसर वास. गाडीतून दोन मतदान अधिकारी उतरले, एक निरीक्षक, एक व्हिडिओवाला आणि बंदूकधारी पोलीस. पडवीत पुठ्ठ्याचा आडोसा मांडला, पेटी ठेवली. रुखमानं खाट झटकून दिली. त्यांच्यातले मोठे साहेब एका शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी पत्रूला रीतीप्रमाणे सगळं सांगितलं. मतपत्रिकेवर पेनानं खूण करायची, ती लहान पाकिटात घालून चिकटवायची, घोषणापत्रावर सही किंवा अंगठा, मग दोन्ही मोठ्या पाकिटात.

पत्रूनं मान हलवली आणि म्हणाला, "आधी बाईचं घ्या."

"कुणाचं?"

"हे माही बाई. मोठी बहीण. हिनं दिल्याबिगर मी नाई देत."

साहेबांनी यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच सगळी हकीकत सांगितली. ते ऐकून साहेबांनी यादी मिटून ठेवली. मग खाटेजवळ उकिडवे बसले.

"बाबा, मला दिसते आहे की त्या मोठ्या आहेत. पण माझ्याकडे एकच मतपत्रिका आहे, तुमच्या नावाची."

"मंग ते घेऊन जा."

पोलीस घड्याळ पाहायला लागला. त्यांना अजून दोन गावं करायची होती. मी पत्रूला म्हटलं, आजोबा, असं करू नका, बूथवरही आता तुमचं मत घेणार नाहीत. तो ऐकेना. तोंड भिंतीकडं करून बसला. शेवटी मंगलीबाई उठली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत, गोंडीत, काहीतरी बोलली. मला एकच शब्द कळला, तम्मू. धाकट्या भावाला तसं म्हणतात. मग मराठीत मोठ्यानं म्हणाली, "लेकरावानी काऊन करून राह्यला? माह्ये पाय आहेत. तू दे."

पत्रू वळला, पण त्याला मतपत्रिका दिसणार नव्हती. आंधळ्या मतदाराला सोबती घेता येतो, अठरावर कोणीही चालतो, असं साहेबांनी सांगितलं. सोबत्यानं सांगितल्या ठिकाणीच खूण करायची आणि कुणाला काही बोलायचं नाही, असं लिहून द्यायचं. बुधू पुढं झाला. पत्रू म्हणाला, "नाई. बाई करन."

ती अक्षर वाचत नव्हती, पण चिन्हं ओळखायची. आडोशामागं दोघं गेले. पत्रूनं तिच्या कानाशी तोंड नेलं. ती दचकल्यासारखी त्याच्याकडं पाहायला लागली, मग परत त्याला विचारलं. त्यानं मान डोलावली. तिनं पेन मुठीत धरून खूण केली. पेन धरायची तिची ती पहिलीच वेळ. पाकीट चिकटवायला मात्र तिनं कोणाला हात लावू दिला नाही.

गाडी गेल्यावर मी तिला सहज म्हटलं, "झालं बाई एकदाचं."

ती हळूच म्हणाली, "माह्या मनात दुसरं होतं वो. पन त्यानं सांगितलं तिथंच केली."

चौथ्या दिवशी पत्रू गेला. आजारी नव्हता. सकाळी पेज पिऊन आडवा झाला. रुखमा भांडं उचलायला गेली, तर अंग गार लागलं. मंगलीबाई त्या वेळी मोहाच्या झाडाखाली होती. तिला बोलवायला मीच गेले. माझा चेहरा पाहून तिनं टोपली खाली ठेवली आणि घराकडे चालायला लागली. वाटेत एकदाच थांबली. "त्याच्या मांग मी राहीन असं नाई वाटलं होतं," म्हणाली, आणि पुन्हा चालू लागली.

मतदान त्यानंतर सहा दिवसांनी होतं. घर सुतकात. मी तिला काही विचारलं नव्हतं. तिच्या नावाची चिठ्ठी रुखमाकडे देऊन आले होते एवढंच. नक्षलग्रस्त भाग म्हणून आमच्याकडे तीन वाजताच मतदान बंद होतं. मी बूथबाहेर मदत कक्षात बसले होते. दीडच्या सुमाराला बुधू मागून आणलेल्या मोटारसायकलवर आला. मागं मंगलीबाई, बुधूच्या कमरेला घट्ट धरून. आत जाऊन ती बाहेर आली, बोटावरची शाई पदरानं पुसायला लागली, मग पुसत नाही म्हणून सोडून दिली.

"वच्छला, त्याचं मत आता फेकतीन काय?"

"नाई आजी. मोजतील. दिलं तेव्हा ते जिवंत होते."

"बरं." मग ती म्हणाली, "आज मी माह्याच मनाचं केली. त्याचं तर देऊन झालं होतं." असं बोलली आणि तिथंच व्हरांड्यात बसून रडली. घरी कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं, बुधूनंही नाही. तो तोंड फिरवून गाडीशी उभा राहिला.

जूनमध्ये पत्रूचं नाव काढायला नमुना सात घेऊन मी गेले. घरच्याच मतदाराचा अर्ज लागतो. मंगलीबाई म्हणाली, "नाव राहिलं त कुनाचं काय बिघडते?" मी म्हटलं, कोणीतरी त्याच्या नावावर भलतंच मत देऊन जाईल. तेव्हा तिनं अंगठा दिला.

पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली, खुबा मोडला. धानोऱ्याच्या डॉक्टरांनी गडचिरोलीला न्यायला सांगितलं. तिथं म्हणाले, या वयात ऑपरेशन झेपायचं नाही. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर वय एकोणऐंशी वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि ते खोडून पुढं प्रश्नचिन्ह काढलं. ती खाटेला लागली ती लागलीच.

नोव्हेंबरात विधानसभा आली. पुन्हा बारा-ड. वयात ती बसत नव्हती. पण चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर वयाची अट नसते. ते प्रमाणपत्र जिल्ह्याच्या रुग्णालयात मिळतं, आणि माणूस समोर न्यावा लागतो. मी गाडी ठरवली. बुधूनं आणि आणखी तिघांनी तिला खाटेसकट उचललं. गाडीत सरकवताना ती अशी ओरडली की शेजारपाजारचे लोक धावत आले. आम्ही खाट खाली ठेवली.  माझा हात धरून ती म्हणाली, "नको वो पोरी. एका मतासाठी नको."

बारा-ड भरायचे पाच दिवस संपले. मतदानाच्या दिवशी मी पुन्हा त्याच शाळेत, त्याच मदत कक्षात बसले. धानकापणीचे दिवस, लोक शेतातून थेट येत होते. मतदान संपलं तेव्हा आमच्या टोल्याच्या यादीत, गावात असूनही न आलेलं असं एकच नाव होतं. परतताना मी तिच्याकडे गेले.

"बंद झालं?" तिनं विचारलं.

"हो आजी."

"लई लोक आले होते?"

मी कोण कोण आलं ते सांगत बसले. नव्यानं अठराच्या झालेल्या तीन पोरी सोबत आल्या होत्या, हेही सांगितलं. तिनं डोळे मिटले होते, पण ऐकत होती. एखादं नाव सुटलं की विचारायची, अन् तो? अन् त्याची बायको?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती वारली. पत्रूच्या शेजारी तिला माती दिली. महिनाभरानं रुखमा स्वतःच अंगणवाडीत आली. "बाईचं नाव काढाचं राह्यलं ना?" म्हणाली. मी नमुना सात काढला. यादीशी जुळावं म्हणून वय यादीत होतं तेच लिहावं लागलं. लिहिताना रुखमा माझ्या हाताकडे पाहत होती. तिला सही येते. तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडून सही केली. बाहेर मळणी चालू होती. ती पदर खोचून लगेच खळ्यावर परत गेली.