रुखवत बुडवायला मुंबईला

देवगडच्या बंदरातून पडाव (आगबोटीपर्यंत नेणारी होडी) सुटला, तरी आई काठावरून खुणा करतच होती. एकदा ओठांवर बोट, एकदा माझ्या ट्रंकेकडे, एकदा समुद्राकडे. अर्थ मला पाठ होता: कुणाला काही बोलू नकोस, ट्रंक सांभाळ, आणि ते लाडू मुंबईच्या समुद्रात सोडून दे.

लाडू माझ्या रुखवताचे. शहाळ्याएवढे एकेक, सगळे मी वळलेले. मांडव उभा राहिला आणि नवऱ्याकडून निरोप आला, की मुलाच्या मनात दुसरीच आहे. झालं! रुखवत सासरचं, मुलीकडच्यांनी त्यातला कणही चाखायचा नाही, ही आमची रीत. गावात वाटावेत तर घरोघरी चर्चा. "मग इथंच बुडवूया," मी म्हटलं. "नको गो बाय," आई कळवळली, "भरती ते उचलून त्यांच्याच दारात नेऊन ठेवील!" त्यांचं घर ऐन किनाऱ्यावर होतं. म्हणून हवापालटाच्या नावाखाली मला लालबागला मावशीकडे धाडलं. पंधरवडाभर मी रडरड रडले होते. लोकांना तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात.

प्रवासात बोट अशी लागली, की रडायलाही सवड मिळाली नाही. कठडा हाताने आणि ट्रंक पायाने धरून मी मुंबई गाठली.

भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, दोरखंड आणि नुसता कालवा. हमालाने ट्रंक डोक्यावर घेतली नि ओरडला, "ओ ताई, दगड भरलेत काय?" तेवढ्यात कडी निसटली आणि माझं रुखवत धडाधड धक्क्यावर गडगडलं. नवल म्हणजे एकही लाडू फुटला नाही! वरळीच्या एका कोळणीने पायाशी आलेला लाडू उचलला. "रुखवत हाय जनू! नवरी कंची गं?"

"मीच," माझ्या तोंडून निघून गेलं. "पण लग्न मोडलं."

आता धरणी दुभंगणार म्हणून मी डोळे मिटले. "मग उभी काय राहिलीस? उचल बिगीबिगी, हातगाडीखाली जातील," ती म्हणाली आणि स्वतःच गोळा करू लागली. मावशी धापा टाकत पोचली तेव्हा आम्ही दोघी एका लाडवासाठी गाडीखाली वाकलो होतो.

मावशी लालबागला चाळीत खाणावळ चालवायची. जेवणारे सगळे गिरणीतले कोकणी गडी. आईचा निरोप ऐकून ती उसळली, "समुद्राक कित्याक? (समुद्राला कशाला?) माझ्याकडे खाणारे काय कमी आसत?" आणि धक्क्यावर न पडलेल्यातला एक लाडू तिने पहिल्या पंगतीत तात्यांच्या, एका म्हाताऱ्या विणकराच्या, ताटात ठेवला.

तात्यांनी दोन्ही हातांनी धरून चावा घेतला. कडकन आवाज झाला. लाडू खाली आला आणि त्यात तात्यांची मोडकी कवळी! "लाडू नाय," तात्या बोळक्या तोंडाने म्हणाले, "तोफेचो गोळो हा हो!"

माझा पाक पुढे गेला होता, आणि चाखायचंच नाही म्हटल्यावर कळणार कुणाला? "बरा झाला लगीन मोडला," मावशी किंचाळली, "नायतर घोवाचे (नवऱ्याचे) दात पडते!" सगळी पंगत खो खो हसली. मी तर भिंतीला टेकून, पोट धरून हसले.

मग मावशीने पाट्यावरचा वरवंटा माझ्या हाती दिला. फोडायचे, कोमट दूध शिंपून झाकून ठेवायचे, परत वळायचे. शेजारणीही बसल्या. लग्नात घ्यायचं राहून गेलेलं नाव मी एकेका घावाला घेतलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी बेताच्या, मऊसूत लाडवांनी परात भरली. एक मी चाखला. माझ्याच हातचा, आणि मला ठाऊकच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला. चळवळीचे दिवस, आख्खं गिरणगाव रस्त्यावर. परात कमरेवर घेऊन आम्ही बायका त्यात घुसलो. भोंगे, झेंडे, दिसेल त्या हातावर लाडू. बाहेर मान वर करायला लाजणारी मी तोंडात लाडू धरून ओरडत होते, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" शेजारी तात्या बिनदातांचे ओरडत होते. त्यांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण जोर सगळ्यांत जास्त.

चालत चालत गिरगाव चौपाटीला पोचलो. मावशी म्हणाली, "हो बघ तुझो समुद्र. बुडव आता." परात रिकामी होती. पदराच्या गाठीत एकच लाडू राहिला होता, तो मी आईसाठी ठेवला होता. आम्ही पाय भिजवले, भेळ खाल्ली आणि घरी आलो.

परतीच्या पडावातून आई दिसली. काठावर ओळखीच्या बायका होत्या, आणि आईचं बोट ओठांवर होतं. मुंबईत मी काही फार मोठं केलं नव्हतं. पण लपवण्यासारखं माझ्याजवळ आता काही उरलं नव्हतं, आणि अंग कसं हलकं झालं होतं.

"कुठं गेली होतीस गो?" एकीने विचारलंच.

"लग्न मोडलं ना माझं, मग मुंबईला लाडू वाटायला गेले होते!" मी भर बंदरावर ओरडून सांगितलं.

आईचं बोट ओठांवरून खाली आलं. मी पदराची गाठ सोडून लाडू तिच्यापुढे धरला. ती मागे सरकली. "रुखवताचो?"

"तो फोडला. हा माझा."

आईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सगळ्यांदेखत तोंडात घातला. सावकाश चावला, डोळे पुसले, बोटं चाटली. मग मोठ्याने म्हणाली, "एकच गो?"