कुंपणाबाहेरची ग्रामसभा

झेरॉक्सच्या यंत्रातून नुकत्याच उतरलेल्या कागदाला एक ऊब असते आणि त्या उबेला एक वास असतो; किंचित करपट, किंचित गोडसर, तव्यावरून काढलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. शनिवारी शाळा सुटल्यावर कवठे महांकाळच्या बाजारात मी ती गरम चळत छातीशी धरून उभी राहते, तेव्हा दुकानदार हमखास विचारतो, "बाई, कोर्टाचं काम निगालं का काय?" मी सांगते, "नाही हो, दहावीचं." मग तो माझ्याकडे अधिकच करुणेने पाहतो.

नागरिकशास्त्र! शालेय विषयांच्या पंगतीत सर्वांत शेवटी बसलेला आणि वाढपी पोचेपर्यंत ज्याच्या वाट्याची भाजी संपलेली असते, असा हा विनम्र विषय. पुस्तकावर आता त्याचे नाव राज्यशास्त्र असे भारदस्त झाले आहे. पण आमच्या गावात त्याला अजून जुन्याच नावाने हाक मारतात आणि त्याचे गुण अजून इतिहासाच्या पदराखालीच लपतात. 'ग्रामसभेचे महत्त्व लिहा' असा प्रश्न आला की मुले डोळे मिटून चार वाक्ये लिहून मोकळी होतात. माझा स्वभाव जरा खाष्ट आहे. साताऱ्याच्या माहेराहून मी हुंड्यात काही आणले नाही, ही खोड मात्र आणली. पाठ केलेली ती चार वाक्ये तपासून तपासून मी इतकी वैतागले, की एका वर्षी पुस्तक कपाटात ठेवले आणि खरे कागदच वर्गात नेले. ग्रामपंचायत कायद्याची पाने, सभेची नोटीस आणि आमच्याच गावच्या सभांच्या इतिवृत्तांच्या नकला. वाचा म्हटलं, आणि काय दिसतं ते सांगा!

आणि काय सांगू तुम्हांला, मुलांना दिसले ते मला इतकी वर्षे दिसले नव्हते. प्रत्येक इतिवृत्तात तेच एक वाक्य, देवळातल्या आरतीइतके ठरलेले: गणपूर्तीअभावी सभा तहकूब. सभेला नियमाने लागतात तेवढी माणसे आली नाहीत की सभा पुढे ढकलायची. आणि पुढे ढकललेल्या सभेला मात्र किती माणसे आली हे कायदा विचारतच नाही. झाले! एवढी सोय कळल्यावर आमचे शहाणे गाव पहिल्या सभेला कशाला येते? पहिली सभा ही तहकूब होण्यासाठीच असते, असा इथला पिढीजात समज आहे. दुसऱ्या सभेला चारदोन मंडळी चहापुरती डोकावतात, वरचे विषय उरकतात, आणि शेवटचा विषय 'पुढील सभेत घ्यावा' म्हणून सोडून देतात. हा शेवटचा विषय नेहमी एकच असायचा: सकाळची एस.टी.

तो विषय वाचताना अल्फियाने त्या ओळीवर बोट टेकवले, ते उचलले नाही. अल्फिया म्हणजे चौकातल्या हुसेनभाई टेलरांची थोरली मुलगी. दहावीतली, बोलायला मिरचीसारखी. दहावीनंतरचे कॉलेज तालुक्याला आणि गावातून पहिली गाडी निघते ती तिकडचे तास संपत आल्यावर. सकाळची गाडी मागायला गेलेल्यांना आगारातून एकच उत्तर मिळाले होते: ग्रामसभेचा ठराव आणा, मग बघू. हुसेनभाई माणूस लाखात एक. साऱ्या गावाचे गणवेश शिवणारा, कुणाला वाकडे न बोलणारा. पण लेकीला एवढ्या लांब धाडायचे त्याच्या जिवावर आले होते. त्याने सरळ नकारही दिला नाही. मी विचारले तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "माजी कुटं ना हाय, बाई? सकाळची गाडी सुरू झाली की दुसऱ्या दिशी धाडतो." किती सुरक्षित वचन! गाडी ठरावावाचून येणार नाही, ठराव सभेवाचून होणार नाही आणि सभा तर त्या विषयापर्यंत कधी पोचतच नाही. बापाच्या मायेने कायद्याचा असा भक्कम आडोसा घेतलेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

प्रजासत्ताक दिनाची सभा जवळ आली. वर्गाने ठरवले, या खेपेला गणपूर्ती करायचीच. पण माणसे आणायची कशी? तेव्हा कुणाला तरी जिलेबी आठवली. आमच्याकडे झेंडावंदन आणि जिलेबी यांचे नाते तुम्हांला ठाऊकच आहे; झेंडा वर गेला की कढई खाली उतरते, आणि पुडा घेऊन गाव पांगते. शाळेची जिलेबी या वर्षी ग्रामपंचायतीच्या सभागृहात वाटायची, अशी सूचना आली. मी धर्मसंकटात पडले. हे मतदारांना आमिष नव्हे काय? वर्गात असा वाद रंगला की विधानसभेने शिकवणी लावावी! "कार्यकर्ता वाटतोय तवा आमिष, शाळा वाटती तवा खाऊ," असे एकाने मांडले. अल्फियाने कायद्याची सगळी पाने पुढून मागून चाळली आणि निर्वाळा दिला, "बाई, ह्यात जिलेबीचं कायबी लिवल्यालं न्हाई." ज्याला मनाई नाही ते करता येते, हे तत्त्व मीच शिकवले होते. मग होकार देण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

त्या सकाळी सगळे गाव ग्रामपंचायतीकडे लोटले, पण कुंपणापर्यंतच. ही आमच्या गावची दुसरी रीत. सभा ऐकायची ती भिंतीबाहेरून. बाहेर उभे राहिले की सगळे ऐकू येते, मधूनमधून टोमणाही मारता येतो. आत गेले की हजेरीवर सही येते आणि सही आली की 'तू त्या दिशी होतास की' असे पुढे ऐकावे लागते. म्हणून भिंतीवर कोपरे टेकून कर्तीसवरती माणसे उभी, आणि जिलेबी आणायला प्रत्येकाने घरचे पोर आत धाडलेले! आत ग्रामसेवक भाऊसाहेब निवांत बसले होते. ते इतके अनुभवी, की 'सभा तहकूब' हे वाक्य घरूनच लिहून आणले होते.

पण माझी पोरेही त्याच मातीतली. त्यांनी परात सभागृहाच्या पार आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि जाहीर केले, "पोरांच्या हातात जिलेबी न्हाई. मोठ्या मानसानं सवता यावं." मग काय गंमत सांगू! आधी म्हाताऱ्या बायका आल्या, त्यांना कुणाची भीती? मग त्यांच्या सुना. मग फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आबा आले आणि भिंतीकडे वळून असे गरजले, की बाहेरचे निम्मे पुरुष कवायतीला निघाल्यासारखे आत शिरले. आत आलेल्याला मुले आधी सहीची जागा दाखवायची, मग परात. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम आला. ते माणसे मोजू लागले, पुन्हा मोजू लागले, आणि शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्ववत शांती पसरली. "बाई, एक कमी पडतोय," ते म्हणाले. "नियम म्हंजे नियम. तहकूब करतो."

एक! मी खिडकीतून बाहेर पाहिले. उरलेल्यांनी जिलेबीचा नाद सोडून घरची वाट धरली होती. कुंपणाशी एकच माणूस होता, गळ्यात मापाची फीत तशीच लटकलेली. हुसेनभाई. त्याने सगळे ऐकले होते. आपण आत पाऊल टाकले तर सभा होणार, सभा झाली तर ठराव होणार, ठराव झाला तर गाडी येणार आणि गाडी आली की आपल्याच तोंडचे वचन. हे सगळे गणित त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होते. मी त्याला हाक मारणार होते. पण थांबले. बापाला लेकीपासून दूर लोटणारी मी कोण?

अल्फिया उठली. ती दारात जाऊन उभी राहिली. घरी बापाशी दखनीत बोलणारी ही मुलगी तिथे मात्र सगळ्यांना कळेल अशा गावच्या बोलीत बोलली. मिरचीचा ठसका कुठच्या कुठे गेला होता. "अब्बा, मी आत हाय, पर मी मोजण्यात न्हाई. माझं वय बसत न्हाई. तुमी मोजण्यात हाय."

एवढेच. पाठांतर नव्हे, भाषण नव्हे. हुसेनभाईने गळ्यातली फीत काढून गुंडाळली आणि खिशात घातली. मग कुंपणाचे फाटक उघडून आत आला, सही केली आणि जिलेबी मात्र घेतली नाही. भाऊसाहेबांनी घरून आणलेल्या वाक्यावर आडवी रेघ मारली. त्या बिचाऱ्यांना पुढे काय लिहायचे तेच आठवेना, सुभेदार आबांनी सांगितले तेव्हा पेन हलले. सकाळच्या गाडीचा विषय निघाला. "सूचक कोण?" भाऊसाहेबांनी विचारले. जिलेबी चघळणारी सगळी तोंडे एकाएकी भरलेली निघाली. विषय मांडला म्हणून उद्या गाडी बंद पडली तरी आपल्याच नावाने बोंब, हे गावाला पक्के ठाऊक. तेव्हा मागून हुसेनभाईचा आवाज आला, "माजं लिवा." माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी रिकाम्या परातीत उगाच डाव फिरवत बसले.

लोक मला विचारतात, मूळ कागद वाचून मुलांना काय मिळते? मी काय सांगू? कागदावर तर फक्त 'सर्वानुमते मंजूर' एवढेच लिहिले गेले. आपल्या भीतीला स्वतःच्या हाताने आत घेऊन येणाऱ्या बापाची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे कुठल्या कायद्यात लिहिले आहे?

कॉलेजे उघडली आणि सकाळची गाडी आली. तिच्यात एकटी अल्फिया चढली. वाहकाने रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली आणि दारातून डोके काढून कुरकुरला, "आवं, एका पोरीसाठी एवढी गाडी?"

"ठराव हाय त्यो," खाली उभा असलेला हुसेनभाई म्हणाला. "सूचक म्या हाय."

गाडी निघून गेली, वळणाआड दिसेनाशी झाली, तरी तो तिथेच उभा होता. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "बाई, सांजच्या गाडीचाबी ठराव लागतोय का?"