वाटीच्या तळाचं नाव

"पाळ बरी आहे, ताई," माणकूभाऊ फोनवर आधी एवढंच म्हणाले. मागे वारा ऐकू येत होता, आणि कुठेतरी टिटवी... "बाई गेली." मी चंद्रपुरात ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मोठीमाय, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, सकाळी पाळीवरून फिरून आली, पायरीवर टेकली, माणकूभाऊंच्या बायकोला चहा मांडायला सांगितला आणि चहा उकळेपर्यंत भिंतीला टेकल्या टेकल्याच गेली. ऐंशीच्या घरातली बाई; ना दवाखाना, ना कोणाला त्रास. माणकूभाऊंनी पाळीचं आधी सांगितलं ते बरोबरच होतं. मोठीमायचं आणि माझं प्रत्येक बोलणं गेली कित्येक वर्षं तिथूनच सुरू व्हायचं.

आमचं गाव आरमोरीकडच्या जंगलाच्या कडेला. शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून पाणी अडवायचं, त्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. ही आमच्या घरची, माझ्या आजोबांनी डोक्यावर माती वाहून घातलेली. वर बोडी, मधे आमचं धान, म्हणजे भाताचं शेत, आणि उताराला गोंडांची टोली, अकरा घरं; माणकूभाऊंचं त्यातलंच एक. पाळ फुटली तर पाणी धानातून थेट टोलीत शिरणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण मला अजून स्वप्नात दिसते ती बोडी वेगळीच असते. धुकं पाण्यावरून हलत नाही, कमळाच्या पानांवर एक पाखरू चालत असतं आणि पाळीच्या पलीकडे मोठीमायचा नुसता पदर सरकत जाताना दिसतो... बाई दिसत नाही.

ती खरंच तशी चालायची. बोडी भरली की रोज, ऊन चढून दव उडाल्यावर, पाळीच्या टोकाच्या दगडापाशी चपला काढायची आणि बाहेरच्या बाजूनं, पायथ्याच्या गवतातून, अनवाणी, अगदी सावकाश निघायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. "दव उडालं तरी जे ओलं राह्यते ते आतलं पाणी," ती सांगायची. "डोये फसवते. पायाले थंडं बरोबर लागते." जिथं थंड लागेल तिथं ती थांबायची आणि कमरेला खोचलेली स्टीलची वाटी काढायची. लग्नात मोठेबाबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दिलेली वाटी. आतून तळाशी ठिपक्या ठिपक्यांनी तिचं नाव कोरलेलं. झिरपलेलं पाणी वाटीत धरायचं, दगडावर ठेवायचं आणि पाणी स्थिर होईपर्यंत बसायचं. मोठीमाय शाळेत गेली नव्हती, तिला तेवढं एकच नाव वाचता यायचं. पाण्यातून नाव वाचता आलं तर पाळ ठीक. नाव दिसलं नाही तर पाण्याबरोबर माती निघून राह्यली, म्हणजे पाळ आतून पोखरते आहे. इतकं साधं शास्त्र. मी पुढं चार वर्षं अभियांत्रिकी शिकले, तिथं हेच जाड पुस्तकात होतं, फक्त वाटी नव्हती.

त्या शिक्षणाचा पहिला प्रसाद पाळीला मिळाला. पाळीवर मोठेबाबांनी लावलेलं जांभूळ होतं, चांगलं थोराड. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी जाहीर केलं, की पाळीवर झाड नको, मुळं पाळ फोडतात. मोठीमाय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शिकून राह्यली तू, त तुले समजत असंन." झाड पडलं. मी बुंधा जमिनीलगत कापून घेतला, आणि हात झटकून निघाले. खोड मुळासकट उपटायचं आणि खड्डा थराथरानं चोपून भरायचा, हे त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होतं. ते पान मी वाचलंही होतं. पण सुट्टी संपत आली होती, आणि उन्हाळ्यात परत येऊन करू म्हणता म्हणता मला नोकरी लागली, लग्न झालं, आणि जांभूळ सगळेच विसरले. एक ती सोडून.

मग एका भादव्यात तिचा फोन आला. बोडी काठोकाठ होती. "पोरी, जांभळाच्या जागी नाव नाई दिसत."

मी घाईत होते. "मोठीमाय, चष्मा बदल," मी म्हटलं आणि हसले. तीही हसली. मग म्हणाली, "चष्म्यानं त तुह्या बापाचा फोटो दिसून राह्यला साफ." तेव्हा कुठे मी म्हटलं, की मातीची पाळ आहे, थोडं झिरपतंच, शनिवारी येऊन बघते. त्या माझ्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी पोचले तेव्हा बोडी नव्हतीच. नुसता तपकिरी चिखल, त्यात आभाळाचे तुकडे, आणि टोलीची बायामाणसं कमरेएवढ्या गाळातून मासे वेचत होती. मोठीमायनं पाळीच्या तळाची पाणी सोडायची मोरी उघडली होती, सांडव्याचे दगड काढले होते, आणि दोन दिवस खपून सगळं पाणी बाजूच्या नाल्याला लावून दिलं होतं. जांभळाच्या बुंध्याशी मी हात घातला. कुजलेल्या मुळाची पोकळी होती, आतून गार आणि गुळगुळीत. हात खांद्यापर्यंत गेला, तरी टोक लागलं नाही.

पाऊस त्यानंतर असा गायब झाला की विचारू नका. धान निसवून लोंब्या यायच्या वेळेला पाण्याचा थेंब नाही. टोलीवाल्यांच्या थोड्याफार शेतात विहिरीवरून भागलं, आमचं सगळं पोचट निघालं. मी रडायला लागले तशी ती वैतागली. "तुले काऊन एवढं वाटून राह्यलं? चार महिने विकत घेऊन खाईन. माणकूच्या घरात पाणी घुसलं असतं त मी कोणत्या तोंडानं त्याच्या अंगणात बसली असती?" उन्हाळ्यात आम्ही ते खोड खणून काढलं आणि चिकणमातीचे थर घालून धुमसानं चोपले. टोली सगळी आली. जांभळाचा तिनं एकदाही विषय काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मोठीमायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, तेव्हा पाळीकडे जायचं मी टाळलं. परवा गेले, एकटीच. बोडी आता माझ्याकडे आली आहे. टोली तिथंच आहे. दगडापाशी तिच्या चपला अजून होत्या, कोणी उचलल्या नव्हत्या. त्यांच्या शेजारी मी माझे बूट काढून ठेवले. माझ्या पायांना काय कळणार? मला सगळंच थंड लागत होतं. पण जांभळाच्या जागी आले आणि कळलं. टाचेखालची जमीन वेगळीच गार होती. घरून आणलेल्या तिच्या वाटीत पाणी धरलं, दगडावर ठेवलं. माणकूभाऊ माझ्यामागून कधी येऊन उकिडवे बसले होते, कळलं नाही.

"हात काढा, ताई," ते हळूच म्हणाले. "पाणी हालून राह्यलं. बाई त या वेळी बोलत बी नोहती."

मी हात मांडीवर ठेवले. वाटीत आधी नुसतं आभाळ होतं. मग गवताची एक काडी बाजूला सरकली आणि अनुस्वाराचा ठिपका दिसला. मग ता. मग शे, त्याची मात्रा जरा तिरकी.

"शेवंता," मी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं नाव घेतलं होतं.

माणकूभाऊंनी मान हलवली आणि डोळे पुसले. "आता परत जातानी बी पाहा लागते," ते म्हणाले. मी पाणी गवतात ओतलं, वाटी कमरेला खोचली आणि चालू लागले.