एक चमचा औषध

माझी आत्या मासे विकत नाही, वाढवते. ओढ्याचं पाणी वळवून तिने तळं केलंय. त्यात नखाएवढी पिल्लं सोडायची आणि बोटभर झाली की मोठ्या तळेवाल्यांना द्यायची. माशांशी ती जितकं गोड बोलते, तितकं आमच्याशी बोलली असती तर आमचं बालपण सुखात गेलं असतं.

गेल्या दोन्ही खेपांना पिल्लं मेली. आधी पाण्यावर येऊन आ वासायची, मग गरगर फिरत उलटी व्हायची. आत्याने गाळ काढला, खाणं बदललं, काही उपयोग नाही.

“आता शेवटची खेप. हीपण गेली तर तळं बुजवते,” ती म्हणाली. आत्या बोलते ते करते, म्हणून मला फार भीती वाटली.

तळ्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठीच आमचा भाजीचा मळा. एका सकाळी आत्या आली तर बाबा फवारणीचा पंप ओढ्यात विसळत होते.

“हे काय रे?”

“भाजीवर औषध मारलं ना, ताई. पंप धुतोय.”

“आणि ते पाणी माझ्या तळ्यात!”

“अगं, औषधच आहे. थोडं गेलं तर कुठे बिघडलं?”

किडीच्या विषाला आपण सगळेच औषध म्हणतो, त्यात बाबांचा एकट्याचा दोष नाही. पण गप्प बसेल तर ती आत्या कसली! तिने आमच्या स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि भावाच्या हातात ठेवला.

“औषध ना? घे मग चमचाभर. कालपासून खोकतोयस.”

बाबांनी चमचा बाजूला ठेवला. मग ओढ्याकाठीच खाली बसले.

“ताई, तुझी पिल्लं मीच मारली गं.”

“मारलीस,” आत्या म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमतच नाही. “ऊठ आता, पंप उचल.”

तेव्हापासून पंप मळ्यातच विसळतात आणि ते पाणी पिकावरच फवारतात. ओढ्याकाठच्या ओळींवर तर बाबा विष मारतच नाहीत. हो, आमच्या घरात आता विषच म्हणायचं. किडीने त्या ओळींची चाळण केलीय. बाबा कुरकुरतात आणि तीच भाजी आम्हाला खायला घालतात.

आत्याने पिल्लं सोडली तसे बाबा रोज तळ्यात डोकावू लागले. परवा पाहतात तर झाडून सगळी वर आलेली, आ वासून.

“ताई, धाव गं! चालली सगळी!”

आत्या कोंड्याची पाटी घेऊन येतच होती.

“अरे, मला उशीर झाला. भूक लागलीय त्यांना.”

बाबांनी पाटी हिसकावली आणि डोळे पुसत मुठी मुठी कोंडा टाकत सुटले.

“पुरे,” आत्या म्हणाली, “आता खाऊन मरतील.”