तळहातावरचं एक्स्पोजर

पुढे सांगतोय ते सगळं खरं आहे, गणपतीची शपथ. आमच्या पेणमध्ये ही शपथ घ्यायला कुठे जावं लागत नाही. खिडकीतून हात बाहेर काढला की बोट कुठल्या तरी ओल्या मूर्तीला लागतं. आता माझ्या खिडकीतून हात मूर्तीपर्यंत पोचत नाही, मध्ये गटार आहे, हे मान्य. तेव्हा सगळं खरं असं न म्हणता बरंचसं खरं म्हणू.

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याकडे किस्से साठतच जातात. मेमरी कार्ड आम्ही दर लग्नाला पुसतो, किस्से पुसायचे राहून जातात. माझे तर बहुतेक वसंताचेच आहेत. वसंता अष्टमी गावचा, म्हणजे पूल ओलांडला की रोहा. फोटोच्या कॅमेऱ्यावर झकास व्हिडिओ निघतो हे कळल्यापासून आम्ही जोडीने लग्नं घेतो. दोघांकडे एकेक कॅमेरा. फरक इतकाच, की मी चुकतो आणि तो चूक दाखवतो.

यंदा त्याच्या मुलीचं, स्नेहलचं लग्न ठरलं. तिने बापाला एकच अट घातली.

"बाबा, बारशापासून घरातल्या एकाही व्हिडिओत तुम्ही नाय. नुसता तुमचा आवाज येतो, 'जरा उजेडात सरक गो.' माझ्या लग्नात तुम्ही दिसायला पायजे. कॅमेरा बाळाकाका धरतील."

बाळाकाका म्हणजे मी. वसंताने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा? हा पांढरं दिसलं की घाबरतो."

तो असं का म्हणाला, ते आधी सांगायला हवं.

*

पेणमधल्या एका मूर्तिकाराला आपल्या कारखान्याची फिल्म हवी होती. मी त्याला रंग न दिलेल्या मूर्तींपुढे उभं केलं. मागे सगळं पांढरंशुभ्र आणि माझा कॅमेरा ऑटोवर. कॅमेऱ्याला वाटलं, उजेड फार झाला, म्हणून त्याने सगळं चित्रच काळवंडून टाकलं. मूर्ती छान राखाडी आल्या, मालक काळा ठिक्कर.

मालकाने स्क्रीनमध्ये वाकून पाहिलं. "मूर्ती माझ्याच हायत. पन त्यांच्या पुढं हा कोन उभा हाय?"

आवाजाची तऱ्हा त्याहून वाईट. तोही ऑटोवर. मालक बोलत होता तोवर ठीक. तो काही आठवायला थांबला की मागच्या, रंग फवारायच्या कॉम्प्रेसरची घरघर वर चढायची, बोलायला लागला की खाली बसायची. त्याने ते ऐकलं आणि जरा काळजीने विचारलं, "मी इचार करतो तवा एवढा आवाज येतो काय रे?"

वसंता मला म्हणाला, "ऑटोवरचा माइक म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. इकडचं बोलणं थांबलं की ती कान जास्तच लावते."

*

वसंता ऑटोच्या वाटेला जात नाही. ज्याला घ्यायचं त्याच्या तोंडावर जो उजेड पडतो, त्याच उजेडात त्याला तळहात धरायला लावतो. तळहात नीट दिसेल इतकाच उजेड आत घेणारे आकडे, म्हणजे एक्स्पोजर, बसवतो. मग समोर कोणी पांढरा फेटा घालून येवो नाहीतर काळा कोट, तो आकडे हलवत नाही.

पेणजवळच्या जिते गावी एका हळदीत त्याने नवऱ्याच्या आत्याला सांगितलं, "आत्या, तळहात दावा जरा."

आत्याने दाखवला. वसंता कॅमेऱ्यातून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि मग समाधानाने मान डोलावली.

आत्याने हळूच विचारलं, "मंग, धाकट्याचं कधी?"

वसंताचं सगळं ध्यान खिडकीकडे. तो म्हणाला, "आता हाय तेवढा उजेड चांगला हाय. लवकर उरका."

पाच मिनिटांत मांडवातल्या बायका तळहात पुढे करून रांगेत उभ्या. धाकट्याचं लग्न त्याच वर्षी उरकलं. ते कामही आम्हालाच मिळालं.

त्याच जित्याला दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळ नवऱ्याचे शॉट घेत होतो. तेवढ्यात गाडी आली. वसंताने सवयीने हात वर केला. चालकाने गाडी थांबवली, खिडकीतून आपला तळहात बाहेर धरला, वसंताने आकडे बसवले आणि म्हणाला, "हां, जाऊ द्या." गाडी गेली.

*

वसंता आवाज कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडत नाही. माणसाच्या कॉलरला बारका माइक लावतो आणि स्वतः हेडफोन घालून ऐकत बसतो. रोह्याच्या एका लग्नात वरबापाला माइक लावला होता. भाषण झालं, माइक काढायचा राहिला. वरबाप तसेच भटारखान्यात गेले. मी बघतोय, तर वसंताने कॅमेरा स्टँडला लावला, हेडफोन गळ्यात घेतले आणि शांतपणे पहिल्या पंगतीत जाऊन बसला.

मी दुसऱ्या पंगतीला बसलो. पानात एकच गुलाबजाम.

"पुरणार नायत, दुसऱ्या पंगतीला एकेकच वाढ, असं आचाऱ्याला सांगत होते," वसंता हात पुसत म्हणाला.

"मला सांगायचं तरी."

"तुझ्या कानात हेडफोन असते तर तू मला सांगितलं असतंस?"

मी विषय बदलला.

*

त्याची आणखी एक सवय म्हणजे शांतता घेणं. प्रत्येक हॉलची शांतता वेगळी असते म्हणतो. एकात पंखा, एकात नदीचा वारा. एडिटिंगला आवाजाचे तुकडे जोडताना मध्ये त्याच जागेची शांतता भरावी लागते. म्हणून कार्यक्रमात कधीतरी तो अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प करतो आणि ते रेकॉर्ड करतो.

एका साखरपुड्यात त्याने सरळ माइक हातात घेतला. "मंडळी, सगळ्यांनी अर्धा मिनिट शांत उभं राहायचं."

मंडळी उभी राहिली. काहींनी टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. नेमका त्याच वेळी नवरीचा मामा दारातून आत आला. त्याने पेढ्यांचा बॉक्स पाठीमागे लपवला आणि पहिल्या खुर्चीवाल्याला विचारलं, "कोन गेलं?"

तो शांतपणे म्हणाला, "म्हाईत नाय. पन चांगला मानूस असनार."

तेव्हापासून रोह्यात सगळ्यांना वसंताची शांतता माहीत झाली.

*

तर स्नेहलचं लग्न. वसंताने शेवटी अट मान्य केली, पण सकाळीच हॉलवर येऊन माझ्या कॅमेऱ्याचे आकडे स्वतः बसवले. मी त्याच्या कुर्त्याच्या आत माइक लावला. बापाचा आवाज यायला हवा, असं स्नेहलचं सांगणं होतं.

सकाळभर तो प्रत्येक फ्रेममध्ये होता आणि प्रत्येक फ्रेममध्ये लेन्सकडे बघून मला भुवयांनी सांगत होता, 'कमी कर, कमी कर.' स्नेहल दोनदा म्हणाली, "बाबा, कॅमेऱ्याकडे नाय, माझ्याकडे बघा."

कन्यादानाला गुरुजी म्हणाले, "हात पुढे करा." वसंताने केला आणि सवयीने खिडकीच्या उजेडाकडे वळवला. मीही त्याच्याच सवयीने त्या तळहातावर एक्स्पोजर बसवलं. मग त्या हातावर स्नेहलचा हात आला. मी आकडे हलवले नाहीत.

पाठवणीला गाडी हॉलसमोर लागली. स्नेहल आत बसली, आणि वसंता गायब.

"बाबा कुठेत? काका, ही फ्रेम त्यांच्याशिवाय घ्यायची नाय."

सगळे शोधायला धावले. मी जागचा हललो नाही, कारण त्याचा माइक चालू होता. माझ्या हेडफोनमध्ये जनरेटरची घरघर वाढत गेली. म्हणजे स्वारी हॉलच्या मागे. घरघर कानठळ्या बसण्याइतकी झाली आणि एकदम थांबली. हॉलमधले पंखेही थांबले.

वसंता हात पुसत आला. "एवढ्या घरघरीत पोरीचा आवाज कसा येनार?" म्हणाला, आणि गाडीच्या खिडकीपाशी उभा राहिला. नीट, फ्रेममध्ये, माझ्याकडे न बघता.

मग वळून म्हणाला, "मंडळी, अर्धा मिनिट शांतता घेऊ."

कोणी काही विचारलं नाही. सगळे थांबले. माझ्या कानात एक कावळा, थोड्या बांगड्या, आणि कुर्त्याच्या आतून वसंताचा श्वास. इतका स्वच्छ आवाज मी आजवर घेतला नव्हता.

स्नेहलने खिडकीतून हळूच विचारलं, "काका, आला आवाज?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात वसंता म्हणाला, "नाय आला. परत घेऊ."

हेडफोन माझ्या कानात होते.

ड्रायव्हरने किल्लीला लावलेला हात मागे घेतला. मंडळी परत गप्प उभी राहिली.

*

आता कबूल करतो. जित्याला गाडी थांबली नव्हती, ती मी गोष्टीत थांबवली. या शेवटच्या किश्शात मात्र वाढवलेलं काही नाही. उलट कमी केलंय. शांतता परत एकदाच घेतली असं वर लिहिलंय, तेवढं खोटं.