गुंतवळाची उशी

माझ्या थोरल्या जावेनं मला फसवलं. कापडाचे ठोक व्यापारी, दोऱ्यावाले, कुणालाच जे आजवर जमलं नाही, ते तिनं घरात बसून केलं.

कोळवणच्या रस्त्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत, माझं शिवणाचं दुकान आहे. एका जुन्या मशीनवर सुरू केलं, कुणाचा हात न धरता. ब्लाउजच्या कातरणीतून मी सुया-टाचण्या टोचायच्या उशा शिवते. कापड फुकटच असतं, खर्च फक्त आत भरायच्या मालाचा. तोही मला नको होता.

गिरणीतलं भाताचं तूस भरून पाहिलं, त्यात सुई उभी राहीना. कोंड्याला किडे पडले. कापसातून सुई आरपार जायची. नेऱ्याच्या फर्निचरवाल्याशी भांडून लाकडाचा भुसा आणला, पण आमच्याकडची ओल त्यात अशी शिरली की सुया तांबड्या होऊन बाहेर आल्या.

मग आईची उशी आठवली. ती विंचरताना निघालेलं गुंतवळ भरायची. केसांना तेल असतं, त्यामुळे सुई गंजत नाही. पण माझे केस बाळंतपणानंतर विरळ झालेले, आणि आपलं गुंतवळ दुसऱ्या बाईच्या हाती कोण देतं? करणीची भीती असते. केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या भांडीवालीला देतील, शेजारणीला नाही. राहिली जाऊ. तिची वेणी कमरेखाली.

"अक्का, तुमचं गुंतवळ मला द्या. तुमचे ब्लाउज फुकट शिवते," मी म्हटलं.

ती हसली. "माज्या केसांवर बी तुजा डोळा हाय व्हय गं?"

"एका ब्लाउजला एक पिशवी. कमी चालायची नाही."

मग ती "बरं" म्हणाली. आणि पिशव्या येऊ लागल्या. केस भरताना कोरडे लागायचे. वाटलं, धुऊन देत असेल, टापटिपीची बाई. कापडवाल्याचा तागा मी उलटासुलटा करून बघते. घरचा माल तपासला नाही.

एके दुपारी पौडची एक शिवणवाली उशी परत घेऊन आली. "ताई, तुमच्या उशीनं माझ्या सुया खाल्ल्या. सगळ्या गंजल्या."

दुकानात चार बायका होत्या. जाऊ ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उशी उसवली, आतले केस चिमटीत धरले आणि काडी लावली. सुती म्हणून कुणी पॉलिस्टर गळ्यात मारतोय का, हे आम्ही असंच पाहतो. खरा केस जळाला की त्याची राख होते, घाण वास सुटतो. हा वितळला आणि टोकाला काळा मणी झाला.

"नायलॉन आहे," मी ओरडले. "अक्का, हे काय दिलंत मला?"

"घरात चल. सांगते."

"हितंच सांगा. माल हितं दिलात ना?"

"अगं, चल की आत," ती हळू आवाजात म्हणाली.

"न्हाई. सगळ्यांसमोर सांगा."

तिनं सूप खाली ठेवलं. पदर मागं सारला, वेणीतला आकडा काढला. वेणीचा मोठा भाग तिच्या हातात आला. मागे राहिली ती बोटाएवढी शेपटी. गंगावन होतं, नायलॉनच्या खोट्या केसांचं, कोण जाणे कधीपासून. ते तिनं माझ्या मांडीवर ठेवलं.

"घे. ह्ये बी भर," म्हणाली, आणि आत गेली.

बायका एकेक करून निघून गेल्या. पौडवालीनं उशीचे पैसेसुद्धा मागितले नाहीत.

बाजारातून गंगावनं विकत आणून, कातरून, ती माझ्या पिशव्या भरत होती. मला जे फुकट हवं होतं त्यासाठी ती पैसे मोजत होती. इतके सौदे केले, पण हा सौदा मला अजून कळत नाही.

आता ती मागच्या दारानं ये-जा करते. ओट्यावर येत नाही. डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. ते गंगावन माझ्या मशीनच्या खणात आहे. ते मी कशात भरलेलं नाही.

नवी नवरी होऊन मी या घरात आले तेव्हा माझी वेणी तीच घालायची. मग तिचे केस जायला लागले तेव्हा मला एका शब्दानं का नाही सांगितलं? मी कटकट केली असती, चार शब्द बोलले असते, आणि गुमान भुसा भरला असता. मी एवढी परकी होते का, याचं उत्तर तिनं मला दिलंच पाहिजे. हवं तर आत बोलावून द्यावं. या वेळी मी जाईन.